बाबांची कीवर्डची वही : टीव्ही रेकॉर्डरच्या प्रकल्प नोंदी

रविवार, २ मार्च २०२५

बाबा जानेवारीत कुर्डुवाडीहून आले, सहा महिन्यांचा व्हिजिटर व्हिसा आहे म्हणजे जुलैत परत जाणार. बर्मिंगहॅमची थंडी, आले तेव्हा चार वाजता अंधार पडायचा, आम्ही दोघं कामावर, लेक शाळेत, मग दिवसभर बाबा आणि टीव्ही. फ्रीव्ह्यूवर, म्हणजे इथल्या अँटेनावरच्या फुकट टीव्हीवर, चॅनेल ढीगभर आहेत पण कधी काय लागेल कळत नाही, आणि मी संध्याकाळी घरी आले की दर दोन दिवसांनी एकच वाक्य ऐकते, "अगं आज आपल्याकडचं काहीतरी होतं, घाटातली गाडी दाखवत होते, पण मी लावलं तेव्हा संपतच आलेलं." तक्रार म्हणून नाही सांगत ते, सहज सांगतात, पण मला ते लागतं. ज्या माणसाने १९७१ पासून कुर्डुवाडीच्या नॅरोगेज वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून आयुष्य काढलं त्याला आपल्या घाटातली गाडी शेवटची दोन मिनिटंच दिसावी हे काही बरोबर नाही.

म्हणून ठरवलं की रेकॉर्डर बनवायचा, आणि तो नुसता वेळ लावून रेकॉर्ड करणारा नको, शब्द दिला की पुढच्या आठवडाभराच्या गाइडमध्ये (कार्यक्रमांच्या वेळापत्रकात) स्वतः शोधून रेकॉर्ड करणारा पाहिजे. न्यू जर्सीत एडिसनला आमचा मावसकाका राहतो, त्याच्याकडे पूर्वी टिवो नावाचा टीव्ही रेकॉर्डर होता, त्यात विशलिस्ट म्हणून सोय होती, एकदा शब्द टाकून ठेवायचा आणि विसरून जायचं. तेच इथे घरी करायचंय.

सामान : रास्पबेरी पाय ४ हा चिमुकला कॉम्प्युटर (कपाटात पडून होता), त्यावर बसणारी टीव्ही हॅट म्हणजे ट्यूनरची पट्टी, २ टीबीची यूएसबी हार्ड डिस्क. सॉफ्टवेअर टीव्हीहेडएंड, फुकट आहे, लिनक्सवर चालतं. टीव्हीला कोडी, म्हणजे रेकॉर्डिंग बघायचं सॉफ्टवेअर. छपरावरचा अँटेना सटन कोल्डफील्डच्या टॉवरकडेच वळलेला आहे, सिग्नल उत्तम.

शनिवार, ८ मार्च

सगळं जोडून झालं. चॅनेल स्कॅन झाले, गाइड आलं, पण एचडी चॅनेलच्या कार्यक्रमांची नावं म्हणजे नुसता कचरा, अक्षरं कुठलीही कशीही. तासभर मला वाटत होतं वायर खराब आहे. मग कळलं की इथे एचडीच्या मल्टिप्लेक्सवर (एकाच लहरीवर एकत्र येणाऱ्या चॅनेलच्या गठ्ठ्यावर) गाइडचा मजकूर हफमन पद्धतीने दाबून, म्हणजे आकाराने लहान करून, पाठवतात, आणि तो उलगडायचा तक्ता टीव्हीहेडएंडमध्ये असतो पण यूके फ्रीव्ह्यूचा ग्रॅबर (गाइड गोळा करणारा भाग) मुद्दाम चालू करावा लागतो. चालू केला, साध्या ईआयटीचा, म्हणजे नेहमीच्या गाइडचा, बंद केला, अर्ध्या तासात नावं नीट दिसायला लागली. कुणी करत असेल तर आधी हे करा.

रविवार, ९ मार्च

पहिले कीवर्ड टाकले : इंडिया, मुंबई, महाराष्ट्र, पुणे, गोवा. अर्थात इंग्रजी स्पेलिंगमध्ये, गाइड इंग्रजीच असतं. प्रत्येकासाठी एक ऑटोरेक (आपोआप रेकॉर्ड करायचा) नियम, आणि फुल टेक्स्टवर टिक केलं म्हणजे नुसत्या शीर्षकात नाही तर खालच्या वर्णनातसुद्धा शोधेल. बाबा शेजारी खुर्ची घेऊन बसले होते, विचारलं, "म्हणजे आता हे रात्रभर वाचत बसणार का?" म्हटलं हो बाबा, गाइड अपडेट झालं की प्रत्येक वेळी वाचेल. त्यांना ते फार आवडलं.

मंगळवार, ११ मार्च

दोन दिवसांत ३८ रेकॉर्डिंग. उत्साहाने यादी उघडली तर त्यातली २६ गोव्याच्या नियमातून आलेली, आणि त्यात फुटबॉलच फुटबॉल, मध्येच एक शेतीचा कार्यक्रम ज्यात शेळ्या पाळणारं कुटुंब आहे. मग ट्यूब पेटली. नियम अक्षरं शोधतो, शब्द नाही. जी-ओ-ए ही तीन अक्षरं गोलमध्ये आहेत आणि गोटमध्येही आहेत. इंग्लंडात राहून टीव्हीच्या वर्णनात गोल हा शब्द शोधायला सांगणं म्हणजे डिस्क भरलीच समजा.

उपाय सोपा आहे पण माहीत पाहिजे. टायटलच्या चौकटीत जे लिहितो ते रेजेक्स (मजकूर शोधायचा नमुना) असतं, त्यात शब्दाच्या आधी आणि नंतर बॅकस्लॅश बी टाकायचं, म्हणजे तिथे शब्दाची हद्द आहे असं सांगितलं जातं, मग गोल आणि गोट आपोआप गळतात. सगळ्या नियमांना दोन्ही बाजूंनी हद्द घातली. लहानमोठ्या अक्षरांची काळजी नाही, ते दोन्ही धरतं. इंडियाच्या नियमात इंडियाना राज्य येत होतं तेही गेलं. पण मग इंडियन हा शब्दही गेला! म्हणून इंडिया, इंडियन, इंडियन्स असे तिन्ही उभ्या रेघेने जोडून एका कंसात लिहिले आणि कंसाच्या दोन्ही टोकांना हद्द लावली.

३८ वरून आठवड्याला १४ वर आलं.

शनिवार, १५ मार्च

१४ मधली सगळी बघितली, म्हणजे सुरुवातीची पाच पाच मिनिटं. सहा स्वयंपाकाची. बॉम्बे पोटॅटोज, बॉम्बे मिक्स, इंडियन टेकअवे घरी कसं करायचं. दोन कार्यक्रम दोनदा आलेले, एकदा मूळ चॅनेलवर आणि एकदा एक तास उशिराने प्लस वनवर. कामाचे तीन. तीन म्हणजे काही वाईट नाही, पण त्यातला एक अर्धवट.

अर्धवट का ते नीट लिहून ठेवते कारण मला समजायला वेळ लागला. टीव्ही हॅटवर ट्यूनर एकच. पण एक ट्यूनर म्हणजे एक चॅनेल नाही, एक ट्यूनर म्हणजे एक मल्टिप्लेक्स. एकाच मल्टिप्लेक्समधले चार चॅनेल एकाच वेळी खुशाल रेकॉर्ड होतात कारण ट्यूनर तो सगळा प्रवाहच घेत असतो, पण दुसरा कार्यक्रम वेगळ्या मल्टिप्लेक्सवर असेल तर मग ज्याची प्रायॉरिटी जास्त तो जिंकतो. इथे बॉम्बे पोटॅटोजने हुगळीच्या पुलाला हरवलं होतं, दोन्ही नियमांची प्रायॉरिटी मी सारखीच ठेवलेली.

तर आज तीन गोष्टी केल्या. यूएसबीचा दुसरा ट्यूनर मागवला. डुप्लिकेट हँडलिंगमध्ये वर्णन वेगळं असेल तरच रेकॉर्ड कर असं लावलं, प्लस वनचं वर्णन शब्दाला शब्द तेच असतं त्यामुळे दुसरी प्रत होत नाही. आणि प्रायॉरिटी लावली, रेल्वेच्या शब्दांना हाय, इंडियासारख्या सैल शब्दांना लो. आधी २ मिनिटं नंतर १० मिनिटं जास्तीची ठेवली आहेत, शेवट तुटू नये म्हणून. जागेचा हिशेब : साध्या चॅनेलचा तास साधारण दीड जीबी, एचडीचा तीनच्या आसपास. २ टीबी पुरेल.

शनिवार, २२ मार्च

मंगळवारपासून एकही रेकॉर्डिंग नाही. एकही. बाबा रोज सकाळी रिमोट घेऊन बघत होते आणि मला काही बोलले नाहीत, काल रात्री जेवताना म्हणाले, "तुझं ते मशिन दमलं वाटतं."

चूक माझी. इथे वर्णनाच्या शेवटी चौकटी कंसात खुणा असतात, एस म्हणजे सबटायटल, एडी म्हणजे अंधांसाठी बोलकं वर्णन, एसएल म्हणजे साइन लँग्वेज. साइन लँग्वेजवाल्या आवृत्त्या मध्यरात्रीनंतर परत दाखवतात, कोपऱ्यात हातवारे करणारी व्यक्ती असते. मला वाटलं की बाबांना ती मध्ये येईल म्हणून त्या वगळायचा नियम लिहिला, आणि चौकटी कंसात एसएल जसंच्या तसं टाकलं. रेजेक्समध्ये चौकटी कंसाचा अर्थ वेगळा असतो, आतल्या अक्षरांपैकी कुठलंही एक. म्हणजे मी सांगितलं होतं की ज्या वर्णनात एस किंवा एल हे अक्षर आहे ते सगळे कार्यक्रम टाळ. असं इंग्रजी वर्णन शोधून सापडणार नाही ज्यात एसही नाही आणि एलही नाही. कंसाच्या आधी बॅकस्लॅश लावायला हवा होता.

दुरुस्त करायला बसले तर बाबा म्हणाले, "कशाला काढतेस, असू दे की. ती बाई हातांनी सांगते ते बघायला मला आवडतं." त्यांचा डावा कान वर्कशॉपमध्ये गेला, ३८ वर्षं हातोड्यांच्या आवाजात काढली, घरी आईशी बोलतानाही अर्धं खुणांनीच चालायचं. मला हे डोक्यातच आलं नव्हतं. वगळायचा भाग पूर्ण काढून टाकला. कोडीत सबटायटल कायम चालू ठेवले, रेकॉर्डिंगमध्ये ते सोबत येतातच.

रविवार, ३० मार्च, पाडवा

आज पाडवा आणि आजच इथे घड्याळं एक तास पुढे गेली. पहाटे रेकॉर्डिंग चुकेल अशी धास्ती होती पण काही झालं नाही, गाइडमधल्या वेळा मुळात यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) येतात, घड्याळ बदलणं हा नुसता दाखवण्याचा भाग. बाल्कनीत छोटी गुढी उभारली, श्रीखंड इथल्या ग्रीक योगर्टचं, बरं झालं होतं.

दुपारी निवांत बसून मूळ प्रश्नाकडे आले. महाराष्ट्र हा शब्द तीन आठवडे चालू आहे, एकही कार्यक्रम नाही. पुणे, शून्य. कोकण, शून्य. मला वाटायला लागलं होतं की दाखवतच नाहीत. पण मग बाबा जे शेवटची दोन मिनिटं बघायचे ते काय होतं? ते खरंच होतं ना.

जुने सापडलेले कार्यक्रम घेऊन त्यांची वर्णनं एकेक करून वाचली तेव्हा कळलं. ही वर्णनं फारच तोकडी असतात. डीव्हीबीमध्ये, म्हणजे डिजिटल टीव्हीच्या मानकात, ज्या खोक्यात शीर्षक आणि वर्णन भरतात त्या खोक्याची लांबी सांगायला एकच बाइट दिलेला आहे, म्हणजे सगळं मिळून २५५ बाइट, त्यातून भाषेचा कोड वगैरे गेला की उरतं ते शीर्षक धरून जेमतेम अडीचशे अक्षरांचं. तेवढ्यात लिहिणारा माणूस काय लिहील? सूत्रसंचालकाचं नाव लिहील, इंडिया लिहील, फार तर माउंटन रेल्वे लिहील. त्याच्या प्रेक्षकाला नेरळ माहीत नाही, तो नेरळ कशाला लिहील. आपण आपल्या गावाच्या नावाने हाक मारतोय आणि त्यांच्या गाइडमध्ये आपल्या गावाला ते नावच नाही.

म्हणजे शब्द आपले चालणार नाहीत, ते लोक आपल्या भागाला ज्या शब्दांनी ओळखतात ते शब्द पाहिजेत. हे बाबांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, आत गेले आणि पिशवीतून निळ्या पुठ्ठ्याची वही आणली, ज्यात ते बीपीचे आकडे लिहितात, आणि मागच्या पानावरून सुरुवात केली. वर्कशॉपमध्ये जुने ड्रॉइंग, जुन्या पाट्या, इंजिनांवरच्या पितळी प्लेटा सगळं इंग्रजीत असायचं, त्यामुळे त्यांना ती स्पेलिंगं पाठ आहेत. तिरक्या जुन्या वळणाच्या अक्षरात एका दमात लिहिलं : बॉम्बे, पूना, डेक्कन, वेस्टर्न घाट्स, भोर घाट, ग्रेट इंडियन पेनिन्सुला, व्हिक्टोरिया टर्मिनस, मद्रास अँड सदर्न मराठा (ही आणि पेनिन्सुला, दोन्ही जुन्या रेल्वे कंपन्या). मराठाचं स्पेलिंग त्यांनी एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए असं लिहिलं, म्हटलं बाबा हे चुकलं, तर म्हणाले, "चुकलं नाही, मिरजेच्या जुन्या कागदांवर असंच असायचं. साहेबाला जसं ऐकू आलं तसं त्याने लिहिलं."

मग थोडं थांबून शेवटी दोन शब्द. बार्शी. कॅलथ्रॉप.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप म्हणजे बार्शी लाइट रेल्वेचा कर्ता, हे मी लहानपणापासून ऐकलंय, आमच्या घरी ते नाव कुळातल्या माणसासारखं घेतलं जायचं. १८९७ मध्ये त्याने बार्शी रोडपासून (म्हणजे आमची कुर्डुवाडीच) बार्शी गावापर्यंत अडीच फुटी गेजची लाइन टाकली, एका आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार नाही हा त्याचा हिशेब, त्यामुळे रूळ हलके, पूल हलके, आणि तरीही गाडी माल ओढायची. १९०६ ला ती पंढरपूरला पोचली, मग वारीच्या गर्दीत डब्यांच्या टपावर माणसं. पुढे लातूर आणि मिरज. आता सगळं ब्रॉडगेज झालंय. टीव्हीवर इंग्लंडात त्याच्याबद्दल काय येणार असं मला मनात वाटलं, पण टाकलं.

बुधवार, १६ एप्रिल

आजचा दिवस बाबा कधी विसरत नाहीत, १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी, ३४ किलोमीटर, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं. लेकीला सकाळी डबा भरताना सांगत होते.

वहीतल्या शब्दांचा निकाल. बॉम्बेला दोन चांगले मिळाले, मात्र स्वयंपाक वगळावा लागला, त्यासाठी बॉम्बेच्या पुढे पोटॅटो किंवा मिक्स येत असेल तर धरू नको असं लिहिलं. याला निगेटिव्ह लुकअहेड म्हणतात, पीसीआरई (रेजेक्सची लायब्ररी) घालून बनवलेल्या आवृत्तीत चालतं, माझ्यात आहे. पूनाला बॅडमिंटनच्या इतिहासावरचा छोटा भाग मिळाला, ब्रिटिश अधिकारी तो खेळ पुण्यात खेळायचे आणि काही काळ त्या खेळालाच पूना म्हणायचे, बाबांना हे नवीन होतं. वेस्टर्न घाट्सला बेडकांवरचा सुंदर माहितीपट, पावसाळ्यातला, आणि त्यातला पाऊस ऐकून बाबांनी आवाज वाढवला. व्हिक्टोरिया टर्मिनसला एक, वास्तुविशारद स्टीव्हन्सच्या त्या इमारतीवर. इथे एक लक्षात घ्या, स्टेशनचं नाव १९९६ ला बदललं आणि २०१७ ला परत, तरी वर्णन लिहिणारे कधी जुनं लिहितात कधी मधलं कधी नवीन, त्यामुळे तिन्ही नावं उभ्या रेघेने जोडून एकच नियम केलाय. ग्रेट इंडियन पेनिन्सुला, भोर घाट, बार्शी, कॅलथ्रॉप : शून्य.

रोज सकाळी बाबा वहीत समोर आकडा लिहितात. शून्य असेल तरी लिहितात.

सोमवार, २८ एप्रिल

काल लंडन मॅरेथॉन होती आणि ती आमच्याकडे सकाळपासून दुपारपर्यंत अख्खी रेकॉर्ड झाली, वर रात्रीचं हायलाइट्स वेगळं.

मराठी, मराठा, मराठाज असे सगळे एका फटक्यात पकडायला मी एम-ए-आर-ए-टी-एच एवढंच लिहून पुढची हद्द उघडी ठेवली होती. मॅरेथॉनची पहिली सहा अक्षरं तीच. गोव्याच्या वेळी शिकले होते तरी परत तेच केलं, आणि या नियमाला प्रायॉरिटी हाय होती म्हणून एक ट्यूनर सकाळभर अडकला, दुसऱ्यावरही दुसरं रेकॉर्डिंग चालू होतं, आणि त्यामुळे वाफेच्या इंजिनांचा एक भाग गेला. बाबांनी तो गाइडमध्ये बघून ठेवला होता. खूप वाईट वाटलं मला. ते म्हणाले परत लागेल, इथे सगळं परत लागतं.

नियम बदलला, आता पूर्ण शब्द लिहिलेत आणि बाबांचं एचवालं जुनं स्पेलिंगही त्यात आहे. खेळ हा कंटेंट टाइप असलेलं काही आलं तर ते हाताने बघायचं ठरवलंय.

शनिवार, १० मे

या आठवड्यात युरोपातलं युद्ध संपल्याला ८० वर्षं झाली म्हणून सगळ्या चॅनेलवर युद्धाचे कार्यक्रम. इटलीच्या आघाडीवरच्या एका कार्यक्रमाच्या वर्णनात जुनं स्पेलिंग आलं, मराठा लाइट इन्फंट्री. माझ्या साध्या स्पेलिंगने हे सापडलंच नसतं. बाबांना रायगडच्या यशवंत घाडगेंची आठवण झाली, १९४४ ला इटलीत पडले, व्हिक्टोरिया क्रॉस. कार्यक्रमात त्यांचं नाव नव्हतं, मराठा पलटणीवर मिळून अर्धा मिनिट असेल. ते अर्धं मिनिट बाबांनी तीन वेळा मागे नेऊन बघितलं.

वहीत मराठासमोर १ लिहिलं, खाली रेघ मारली.

बुधवार, २१ मे

आजची नोंद लांब होणार.

परवा बाबा सहज म्हणाले की कॅलथ्रॉपने बार्शीनंतर विलायतेतही तशीच एक लाइन बांधली होती, वर्कशॉपमधले जुने फोरमन सांगायचे, नाव त्यांना आठवत नव्हतं. रात्री मी शोधलं. लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाइट रेल्वे, स्टॅफर्डशायर! गेज तेच, अडीच फूट. १९०४ ला सुरू झाली, वॉटरहाउसेस ते ह्यूम एंड, ८ मैल. दोनच इंजिनं होती, लीड्सच्या किटसन कंपनीची, आणि त्यातल्या एकाचं नावच ई. आर. कॅलथ्रॉप. १९३४ ला बंद पडली, रूळ काढले, आता त्या वाटेवर लोक चालतात आणि सायकल चालवतात. आमच्या घरापासून गाडीने फार लांब नाही! इतकी वर्षं मी बर्मिंगहॅममध्ये आहे आणि मला हे माहीत नव्हतं.

म्हणजे शब्द मिळाले. कॅलथ्रॉपचं नाव वर्णनात येणार नाही, पण रेल्वेचं येऊ शकतं. लीक टाकलं, हद्द दोन्ही बाजूंनी. पुढच्या आठवड्यात ११ कार्यक्रम! सगळे स्वयंपाकाचे. लीक म्हणजे इथली कांद्याच्या जातीची ती लांब भाजी, बटाटा घालून सूप करतात. मग मॅनिफोल्ड टाकलं, चार कार्यक्रम, जुन्या मोटारी दुरुस्त करणारे, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड.

इथे हद्दीचा काही उपयोग नाही. गोव्याच्या वेळी अक्षरं दुसऱ्या शब्दात घुसली होती, इथे शब्द पूर्ण तोच आहे, अर्थ वेगळा. मग आजूबाजूचा शब्द बघायला लागतो. आपणही तेच करतो ना, कोणी कर म्हणालं तर टॅक्स की हात की काहीतरी करायला सांगतोय हे पुढच्या शब्दावरून कळतं. तर नियम असा केला की मॅनिफोल्ड असलं पाहिजे आणि त्याच मजकुरात रेल्वे, व्हॅली, वे, स्टॅफर्डशायर यांपैकी एक तरी असलं पाहिजे. दोन लुकअहेड एकापुढे एक. यात एक खाच आहे, फुल टेक्स्ट शीर्षक वेगळं तपासतं आणि वर्णन वेगळं, एक शब्द वर आणि एक खाली असेल तर जुळत नाही, त्यासाठी नवीन आवृत्तीत मर्ज टेक्स्टची टिक आहे ती करायची.

चारही मोटारींचे कार्यक्रम गळाले. उरले शून्य. बाबांनी शून्य लिहिलं.

रविवार, १ जून

सापडला.

शुक्रवारी पहाटे २ वाजून ४० मिनिटांनी. इंग्लंडातल्या बंद पडलेल्या रेल्वेच्या वाटांवरून चालत जाणाऱ्या एका बाईंचा कार्यक्रम, वर्णनात मॅनिफोल्ड व्हॅली आणि स्टॅफर्डशायर, शेवटी चौकटी कंसात एस आणि एसएल. साइन लँग्वेजची रात्रीची आवृत्ती, तीच जी मी मार्चमध्ये वगळायला निघाले होते. मूळ प्रक्षेपण कधीतरी आधीच होऊन गेलेलं असणार, आमच्याकडे तेव्हा हा नियम नव्हता. वर्णनात इंडिया नाही, बार्शी नाही, कॅलथ्रॉप नाही.

काल सकाळी चहा घेऊन सगळे बसलो. पहिली वीस मिनिटं दरी, नदी, चुनखडीचे कडे, ती बाई चालतेय, कोपऱ्यात दुसरी बाई हातांनी सांगतेय. मग एक जुना काळा-पांढरा फोटो आला. बाबा म्हणाले, "थांबव." मी थांबवलं. ते उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेले, चष्मा कपाळावर सरकवला, आणि बोट लावलं इंजिनाच्या पुढच्या भल्या मोठ्या दिव्याला. इंग्लंडातल्या इंजिनाला असा दिवा कशाला, हा आपल्याकडचा दिवा आहे, रात्री माळावरून गाडी न्यायची तर लागतो. मग चाकांवरून बोट फिरवलं, बोलत नव्हते, नुसतं ओठातल्या ओठात मोजत होते. नंतर म्हणाले आमच्याकडे बार्शीला पहिली आली ती पण किटसनचीच. पुढच्या फोटोत ट्रान्सपोर्टर होता, म्हणजे मोठ्या गेजचा वॅगन जसाच्या तसा ढकलून छोट्या गेजच्या गाड्यावर चढवतात आणि ओढतात, माल उतरवायची गरज नाही. त्याच्यावर त्यांनी लेकीला समजावून सांगितलं, चहाच्या दोन कपबशा आणि काडेपेटी घेऊन.

त्या बाईंनी एका वाक्यात भारताचं नाव घेतलं, इंजिनिअरने आधी भारतात काम केलं होतं एवढंच. बार्शी म्हणाली नाही. बाबांनी ते मनावर घेतलं नाही, ते वहीत लिहायला गेले.

रविवार, ८ जून

आज ह्यूम एंडला जाऊन आलो. जुनं स्टेशन आहे, आता तिथे माहिती केंद्र आणि चहाची जागा. स्वेन्सलीच्या बोगद्यातून आता मोटारी जातात, आम्हीही गेलो, बाबांनी काच खाली केली होती.

येताना गाडीत पुढची यादी झाली. कॅलथ्रॉपने नंतरच्या काळात विमानातून उडी मारायचं पॅराशूट बनवलं होतं, गार्डियन एंजल नावाचं, तेव्हा विमानांच्या इतिहासाच्या कार्यक्रमात तो सापडू शकतो असं बाबांचं म्हणणं, आणि ते बरोबर आहे, रेल्वेत नाही मिळाला तर आकाशात शोधायचा. नियम केला : पॅराशूट आणि त्याच मजकुरात कॅलथ्रॉप किंवा गार्डियन एंजल. किटसनही टाकलं, पण ते आडनाव असल्यामुळे लोकोमोटिव्ह, इंजिन, लीड्स यांपैकी एक सोबत हवं.

जुलैच्या आधी पेनड्राइव्हवर घालून द्यायच्या फायली वेगळ्या फोल्डरमध्ये काढल्या, ९ झाल्या, त्यातल्या ट्रान्सपोर्ट स्ट्रीमच्या (जशा प्रक्षेपणातून आल्या तशा) फायलींच्या साध्या एमकेव्ही व्हिडिओ फायली करायच्या आहेत म्हणजे कुर्डुवाडीच्या टीव्हीवर चालतील, सबटायटल सोबत राहतात का ते तपासायचं आहे. वर्कशॉपमधले त्यांचे दोन मित्र अजून स्टेशनजवळच राहतात, त्यांना दाखवायचंय.

पॅराशूट, येत्या आठवड्यात शून्य. किटसन, शून्य. दोन्ही चालू ठेवलेत.